यंत्रांचे दुभाषे आणि त्यांची टिपणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मुनिरका येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांची दिल्लीतील कामगिरी अशा विषयांच्या पंगतीत ‘संगणकाच्या कर्नेलमधील ड्रायव्हर आणि त्यांची टिपणे’ हे पान मांडलेले पाहून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. कार्यवाहांनीही विषय छापावयास देण्यापूर्वी आमच्याकडून दोनदा खात्री करून घेतली. त्यांचेही चुकले असे नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. उभी हयात केंद्र सरकारच्या फायलींत गेली. यंत्रविद्येवर अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा हक्क नाही. तथापि लेखी टिपण नसले म्हणजे चांगले काम कसे मातीमोल होते, हे ज्याने वर्षानुवर्षे पाहिले आहे, त्याला या विषयावर चार शब्द बोलता यावेत, असे आम्हांला वाटते.

शिवाय हे स्थळ या विषयाला अनुकूल आहे. मुनिरक्याच्या एका अंगाला आयआयटी, दुसऱ्या अंगाला जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि शेजारी रामकृष्णपुरमची सरकारी निवासस्थाने. आपल्या कित्येक घरांत वडील मंत्रालयातून निवृत्त झालेले आणि मुलगा वा सून संगणकाच्या व्यवसायात, असे चित्र दिसते. दोघांची व्यावसायिक भाषा निराळी असल्यामुळे जेवणाच्या टेबलावर कामाचे बोलणे होत नाही. आजचा विषय दोघांच्याही ओळखीचा निघेल, अशी आमची खात्री आहे.

प्रथम कर्नेल म्हणजे काय, ते पाहू. संगणकात आपण जे कार्यक्रम चालवतो, ते यंत्राला थेट हात लावीत नाहीत. मध्ये एक कारभारी असतो. स्मृतीतील जागा कोणास किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कोणास केव्हा द्यायचा, हे तो ठरवतो. या कारभाऱ्याला कर्नेल म्हणतात. परंतु कळफलक, उंदीर, छपाईयंत्र, कॅमेरा या प्रत्येक उपकरणाची बोली वेगळी, आणि कारभाऱ्याला साऱ्या बोली कोठून येणार? म्हणून प्रत्येक उपकरणासाठी एक दुभाष्या नेमलेला असतो. हा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर.

एक उदाहरण घेऊ. इनस्क्रिप्ट पद्धतीच्या कळफलकावर आपण ‘क’ हे अक्षर उमटवतो, तेव्हा बोट इंग्रजी ‘के’च्या कळीवर पडते. यूएसबी जातीचा कळफलक त्या कळीसाठी आत १४ हा आकडा पाठवतो. लिनक्स नावाच्या कर्नेलमधील दुभाष्या आपल्या कोष्टकात चौदाव्या क्रमांकाच्या घरात पाहतो. तेथे ३७ लिहिलेले असते. तो ३७ हा आकडा पुढे धाडतो. पडद्याची व्यवस्था पाहणारा दुसरा कार्यक्रम ‘मराठी मांडणी निवडलेली आहे, सबब ३७ म्हणजे क’ असा निवाडा करतो, आणि मग कोठे ‘क’ पडद्यावर उमटतो. कर्नेलला ना क ठाऊक, ना के. त्याला ३७ ठाऊक.

ते कोष्टक ज्याला पाहावयाचे असेल त्याला पाहता येते, कारण लिनक्सची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. सोळा सोळा घरांच्या सोळा ओळी. घरांत नुसते आकडे, आणि जेथे अर्थ ठरलेला नाही तेथे ‘अनोळखी’ अशी खूण. कोणा बुद्धिमान माणसापुढे हे २५६ घरांचे कोष्टक ठेवले आणि बाकी काहीच सांगितले नाही, तर तो त्याकडे जुन्या ताम्रपटाकडे पाहावे तसा पाहत राहील. चौदाव्या घराचा अर्थ लागतो तो यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरमने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकामुळे. ३७चा अर्थ लागतो तो कर्नेलमध्येच नावांनिशी लिहून ठेवलेल्या यादीमुळे. आकडे यंत्रासाठी आहेत. त्यांचा अर्थ माणसांसाठी वेगळा लिहून ठेवावा लागतो, आणि तो लिहिण्याचे काम यंत्र आपण होऊन करीत नाही.

आता या लिनक्सविषयी थोडे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. ती सुमारे दहा हजार ओळींची होती. आज ही संहिता तीन कोटी ओळींच्या पुढे गेली आहे आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांनी व्यापला आहे. आपल्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइड जातीचा फोन आहे, त्यांच्या खिशात लिनक्स कर्नेल आहे. जगातील सर्वाधिक वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तिच्यातील सर्वच्या सर्व यंत्रे २०१७ सालच्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालत आली आहेत. हे काम एका कंपनीचे नाही. देशोदेशींच्या हजारो लोकांनी ते केले आहे, आणि त्यांतील बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही.

परस्परांना न भेटलेली माणसे तीन कोटी ओळी कशा सांभाळतात? आम्हांला या विषयात गोडी लागली ती या प्रश्नामुळे. उत्तर शोधताना आम्ही जे पाहिले, ते पाहून आम्हांला सचिवालयाची आठवण झाली.

कर्नेलमध्ये बदल सुचवणारा मनुष्य बदललेल्या ओळींबरोबर एक टिपण जोडतो. अडचण काय होती, ती कोणास जाणवली, हाच उपाय का योजला, हे त्यात लिहावे लागते. टिपण नसेल किंवा अपुरे असेल, तर संहिता बिनचूक असूनही प्रस्ताव परत येतो. तो प्रथम त्या विभागाच्या सांभाळकर्त्याकडे जातो, तेथून वरच्याकडे, आणि अखेर टोरवाल्ड्स यांच्याकडे. वाटेतील प्रत्येक हाताने त्यावर आपल्या नावाची सही करायची असते. सहीचा हा नियम २००४ साली आला. त्याच्या आदल्या वर्षी एस्सीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर दावा लावून लिनक्समध्ये आपली संहिता घुसली असल्याचा आरोप केला होता. तेव्हा कोणती ओळ कोणी आणि कोणत्या हक्काने आणली याचा लेखी माग असणे अगत्याचे ठरले. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीत सहायकाची टिपणी, तीवर अनुभाग अधिकाऱ्याची सही, मग अवर सचिव, मग उपसचिव अशी जी चढण आहे, तिच्याशी हे किती मिळतेजुळते आहे! फरक इतकाच की, तेथे साधारण नऊ-दहा आठवड्यांत नवी आवृत्ती निघते. आमच्या फायलींचा वेग यापेक्षा निराळा असतो, हे येथे जमलेल्या मंडळींस सांगण्याची गरज नाही.

संहितेबरोबरच ‘डॉक्युमेंटेशन’ या नावाचे एक स्वतंत्र दालन ठेवलेले असते. त्यात हजारो टिपणे आहेत: कोणते उपकरण कसे जोडावे, नवा ड्रायव्हर कसा लिहावा, बदल कसा धाडावा. खेरीज खुद्द संहितेतही ठरावीक खुणेने आरंभ होणारी स्पष्टीकरणे लिहिण्याची पद्धत आहे. ती यंत्राकरवी वेगळी काढून त्यांची वाचनीय पाने बनवता येतात. मूळ आणि टीका एकाच पोथीत असावी, ही आपल्याकडील जुनीच रीत. शैलीविषयीच्या टिपणात एक मार्मिक सूचना आहे: संहिता काम कसे करते हे स्पष्टीकरणात सांगत बसू नये, ती कोणते काम करते हे सांगावे. ‘कसे’ हे संहिता वाचून कळलेच पाहिजे. उत्तम टीकाकाराचे लक्षण याहून वेगळे काय असते?

याच संहितेत सांभाळकर्त्यांची एक नामावली आहे. तिच्यात प्रत्येक भागापुढे त्याची स्थिती नोंदलेली असते. काहींची देखभाल करण्यासाठी कोणास वेतन मिळते. काहींकडे कोणी आपुलकीने पाहतो. काहींना सांभाळकर्ता आहे पण त्याला सवड नाही. आणि काहींपुढे शब्द असतो ‘ऑर्फन’, म्हणजे पोरका. सरकारी यादीत हा शब्द वाचून आम्ही चमकलो असतो. येथे तो कोणताही संकोच न बाळगता लिहिलेला आहे. २०१९ साली फ्लॉपी डिस्कच्या ड्रायव्हरवर ही पाळी आली. जुन्या सांभाळकर्त्याने रजा घेतली, आणि चालू स्थितीतील फ्लॉपी-यंत्र मिळणेच कठीण झाल्याचे नमूद करून टोरवाल्ड्स यांनी त्या भागापुढे ‘पोरका’ अशी नोंद केली. पुढे एका नव्या सांभाळकर्त्याने ते पोर पदरात घेतले. त्याला ते घेता आले, कारण मागच्यांनी काय केले व का केले हे लिहिलेले होते. पोरकेपणाची नोंद होते म्हणून कोणी तरी पुढे येतो. जेथे नोंदच नसते, तेथे काम मेलेले असते आणि ते मेले आहे हेही कोणास कळत नाही.

अशा खुल्या घरात कोणी लबाडीने शिरणार नाही काय? तसेही घडले आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या काही संशोधकांनी प्रयोगादाखल सदोष बदल धाडल्याचे उघडकीस आले, तेव्हा २०२१ साली त्या विद्यापीठाकडून पूर्वी आलेले बदल पुन्हा एकेक करून तपासण्यात आले. तपासता आले, कारण प्रत्येकावर नाव होते. हे वाचताना आम्हांला पैठणच्या एकनाथमहाराजांचे स्मरण झाले. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढील तीनशे वर्षांत हातोहात नकला होताना तिच्यात पाठभेद शिरले. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे कोणी आपल्या ओव्या तिच्यात घालू नयेत, असा इशाराही नोंदवून ठेवला. आजच्या भाषेत नाथ हे ज्ञानेश्वरीचे सांभाळकर्ते झाले. त्यांच्या हाती अडचण एवढीच होती की, कोणता पाठ कोणी घातला याची टिपणे मागच्या नकलाकारांनी ठेवलेली नव्हती.

आता थोडे आमच्या अनुभवातले. पूर्वी आम्ही एका कार्यालयात असताना तेथे देवनागरी छपाईसाठी घेतलेली दोन यंत्रे होती. छपाई इतकी सुबक की, शेजारच्या कक्षातील मंडळी आपले कागद आमच्याकडे छापून नेत. पुरवठादाराने ड्रायव्हरची तबकडी दिली होती; मूळ संहिता दिली नव्हती आणि यंत्राची बोली समजावणारे टिपणही दिले नव्हते. काही वर्षांनी संगणक बदलले, त्यांवरील प्रणाली बदलली. जुना ड्रायव्हर नव्या प्रणालीवर चालेना. विचारणा केली, तेव्हा ज्याने तो लिहिला तो अभियंता नोकरी सोडून गेला असल्याचे उत्तर आले. धडधाकट यंत्रे, एकही चाक झिजलेले नाही, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत लिलावात भंगाराच्या भावाने गेली. दुभाष्या मरण पावला आणि बोली कोणी लिहून ठेवली नव्हती, एवढाच त्यांचा अपराध. सरकारी खरेदीत खुल्या संहितेच्या प्रणालीला प्राधान्य द्यावे, असे धोरण भारत सरकारने २०१५ साली जाहीर केले, तेव्हा त्यातील प्रत्येक वाक्यामागे अशी किती यंत्रे उभी असतील, हा विचार आमच्या मनात आला.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातीलच आहे, आणि ते आपल्याला अभिमानास्पद आहे. १९८०च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम झाले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि ते काम तेथे ‘जिस्ट’ या नावाने वाढीस लागले. जिस्ट कार्ड हा संगणकाच्या आत बसवायचा एक पट्टा असे. तो बसवला की, इंग्रजीसाठी घडवलेल्या कार्यक्रमांतूनही मराठी लिहिता येई. आज ती कार्डे वापरात नाहीत. ती ज्यांत बसत ते संगणकही गेले. मग त्या मंडळींचे श्रम वाया गेले काय?

मुळीच नाही. आपले काम कशावर उभे आहे, ते त्यांनी प्रसिद्ध केले होते. इनस्क्रिप्टची मांडणी १९८६ साली प्रमाण म्हणून ठरली. भारतीय लिप्यांच्या अक्षरांना कोणते क्रमांक द्यावयाचे याचे ‘इस्की’ नावाचे कोष्टक १९८८ साली निघाले, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने आय.एस. १३१९४ या क्रमांकाने ते मानक म्हणून स्वीकारले. त्याच १९९१ साली युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीची अक्षरे ज्या क्रमाने बसवली, तो क्रम १९८८च्या इस्कीवरूनच घेतलेला आहे. आज न्यू जर्सीतील नात मुनिरक्यातील आजीला फोनवरून ‘कशी आहेस?’ असे मराठीत लिहिते, तेव्हा त्या प्रत्येक अक्षराच्या क्रमांकामागे ते कोष्टक असते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील र निराळा आहे, आणि मराठीला तो तसाच हवा, ही गोष्टदेखील युनिकोडच्या ग्रंथात नियम म्हणून लिहिलेली आहे. ती कोणी तरी आग्रहाने लिहवून घेतली, म्हणूनच जपानात बनलेल्या फोनलाही ती कळते. कार्ड गेले, त्याचा ड्रायव्हर गेला, कागद टिकला.

बंधुभगिनींनो, हे सारे सांगण्याचे प्रयोजन आपल्या घरचेच आहे. या स्मरणिकेसाठी जुने साहित्य गोळा करताना संपादक मंडळाला रौप्यमहोत्सवी स्मरणिकेची संगणकीय प्रत मिळाली. फाइल उघडली, आत इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि कंस यांची खिचडी. त्या काळी मराठी टंक बनवणारे आपापले खासगी क्रमांक वापरीत. एका टंकातील ‘म’चा क्रमांक दुसऱ्यात ‘ष’चा असे. आपला अंक कोणत्या टंकात जुळवला होता, याची चिठ्ठी कोणी फाइलीबरोबर ठेवली नव्हती. छापील अंक कपाटात होता म्हणून निभावले; नाही तर त्यातील आठवणी, ज्यांच्या लेखकांपैकी काही आज आपल्यात नाहीत, आपल्याच घरात राहून परक्या झाल्या असत्या. दोष कोणाचा नाही. टंकाचे नाव लिहायला अर्धा मिनिट लागला असता, आणि ते लिहावे असे सांगणारी पद्धत आपल्याकडे नव्हती.

म्हणून आमची मंडळापुढे एक साधी सूचना आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने एक टिपणवही सुरू करावी. गणपतीच्या मांडवाची परवानगी कोणत्या खात्याकडे मागावी लागते, ग्रंथालयातील पुस्तकांचे क्रमांक कोणत्या पद्धतीने दिले, नाटकाचे पडदे कोणाच्या गच्चीवर ठेवले आहेत, ध्वनिफिती कोणत्या यंत्रावर वाजतात, हा अंक कोणत्या टंकात जुळवला, हे सारे तिच्यात लिहावे. प्रत्येक कामापुढे सांभाळकर्त्याचे नाव असावे, आणि जेथे कोणी नसेल तेथे निर्भीडपणे ‘पोरके’ असे लिहावे. दिल्लीत आपण बदलीची माणसे. आज मुनिरक्यात, उद्या गुवाहाटीत. जाणारा आपल्याबरोबर कामाची किल्ली घेऊन जातो, हा आपल्यासारख्या मंडळांचा नेहमीचा अनुभव आहे.

दुसरी विनंती तरुणांस. कर्नेलच्या टिपणांपैकी काहींची चिनी, जपानी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांतरे मूळ संहितेच्या शेजारीच नांदत आहेत. मराठी त्यांत नाही. आपल्यापैकी जी मुले हे काम रोज करतात, त्यांनी एखादे लहानसे टिपण मराठीत उतरवून पाहावे. शब्द अडतील, परंतु शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून राजव्यवहारकोश सिद्ध झाला, तेव्हाही शब्द अडलेच असतील. ‘ड्रायव्हर’ला ‘ड्रायव्हर’ म्हणावे, हट्ट धरू नये. वाक्य मात्र आपले असावे. सातारा किंवा नांदेडच्या एखाद्या विद्यार्थ्याला इंग्रजी टिपणाने पाऊल अडखळत असेल, त्याला तेवढा आधार पुरेल.

आणि वडीलधाऱ्यांना एक विनंती. घरातील मुलगा रात्री उशिरापर्यंत पडद्यापुढे बसून टिपण लिहितो, तेव्हा ‘खरे काम सोडून हा काय लिहीत बसला आहे’ असे म्हणू नका. आपणही तीस-पस्तीस वर्षे तेच केले. आपण लिहिलेल्या टिपणीवर आपल्या मागून आलेल्या कोणा अनोळखी अधिकाऱ्याने योग्य निर्णय घेतला असेल. त्याने आपल्याला पाहिले नसेल, आपण त्याला. यंत्रांच्या दुभाष्यांचे काम याहून वेगळे नाही.